टमी टकचे टाके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टमी टक म्हणजे पोटावरची जास्तीची सैल कातडी आणि चरबी काढून पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया. तिच्यानंतरचं पहिलं ड्रेसिंग उघडताना एक प्रश्न हमखास येतो: "सिस्टर, किती टाके पडले हो?" बाहेरून बघितलं तर बहुतेकदा एकही टाका दिसत नाही. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत गेलेली बारीक रेघ, तिच्यावर चिकटपट्टी किंवा गोंदाचा पातळ थर, आणि बेंबीभोवती मोजके धागे. बाकी सगळी शिवण आत असते. त्या आतल्या शिवणीबद्दल पेशंटला फारसं कुणी समजावून सांगत नाही. मग सहाव्या आठवड्यात रेघेतून धाग्याचं टोक डोकावलं की "माझे टाके उसवले" म्हणून रात्रभर झोप लागत नाही. ड्रेसिंगच्या टेबलाशी पुन्हा पुन्हा ऐकलेले प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. तुमच्या पोटात नेमकं काय आणि कशानं शिवलंय, हे त्यांनाच ठाऊक आहे.

मग खरंच किती टाके असतात?

याला आकड्यात उत्तर देता येत नाही. एकच लांब धागा कातडीखालून धावदोऱ्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला असतो. त्याला एक टाका म्हणायचं की शंभर? आकड्याऐवजी थर विचारलेत तर उपयोगाचं उत्तर मिळेल.

शस्त्रक्रिया कशी होते ते थोडक्यात सांगते, म्हणजे थर कळतील. ओटीपोटावर केसांच्या रेषेजवळ आडवा छेद घेतात. तिथून कातडी आणि तिच्याखालची चरबी एकत्रच, एखादं जाड पांघरूण उचलावं तशी, बरगड्यांच्या दिशेने वर सोडवत नेतात. बेंबीभोवती कापून ती आपल्या देठासकट खालीच ठेवतात. मग मधोमध फाकलेले स्नायूंचे पट्टे जवळ आणून शिवतात. हा पहिला थर. त्यानंतर कातडीचं पांघरूण खाली ओढतात, जास्तीचा भाग कापून टाकतात, आणि बेंबी बाहेर काढायला नवीन छिद्र करतात. पांघरूण खालच्या भिंतीला ठिकठिकाणी टाचलं तर तो दुसरा थर. तो सगळेच सर्जन घालत नाहीत. चरबीच्या आत एक चिवट पापुद्रा असतो, त्याची दोन्ही टोकं जोडणं हा तिसरा. कातडीच्या खालच्या, जाड थरातले टाके हा चौथा, आणि अगदी वरच्या कडा जुळवणारा पाचवा. बेंबीचे टाके वेगळे, आणि ड्रेनची, म्हणजे आत साठणारं पाणी बाहेर काढणारी, नळी निसटू नये म्हणून तिला घातलेला एखादा टाका वेगळा.

स्नायूंना टाके घालतात म्हणजे स्नायू कापतात का?

नाही. नेहमीच्या टमी टकमध्ये स्नायू कापत नाहीत, आणि टाकाही स्नायूच्या मांसात घालत नाहीत. मांस मऊ असतं; त्यात धागा ओढला तर तो लोण्यातून सुरी जावी तसा कापत जाईल. टाके बसतात ते स्नायूंवरच्या पांढऱ्या, चिवट आवरणात.

पोटाच्या मधोमध वरून खाली दोन स्नायूंचे पट्टे असतात आणि त्यांना जोडणारी पांढरी पट्टी असते. गरोदरपणात किंवा वजन खूप वाढल्यावर ही पट्टी ताणून रुंद होते. दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण २ सेंटीमीटरच्या वर गेलं की त्याला स्नायू फाकले असं म्हणतात. ढगळ झालेल्या कपड्याला मधोमध चुणी घालून तो अंगासरशी करावा, तसंच इथे करतात. छातीच्या हाडाच्या टोकापासून खाली जघनाच्या हाडापर्यंत, सैल पट्टी आत दुमडून, आवरणाच्या दोन कडा एकमेकींना शिवतात.

सगळ्या शस्त्रक्रियेतला सगळ्यात जाड धागा इथे लागतो, कारण खोकला, शिंक, उठणं-बसणं या सगळ्याचा जोर या शिवणीवर येतो. काही सर्जन न विरघळणारा नायलॉन, पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरचा धागा घेतात, काही सावकाश विरघळणारा पीडीएस. काही जण आठच्या आकड्यासारखा एकेक सुटा टाका घालतात, काही जण सलग धावता. पुष्कळ जण दोन्ही करतात: आधी सुटे टाके, आणि त्यांच्यावरून सलग शिवण. सुट्या टाक्यांमधला एक सुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. सलग शिवणीत ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि गाठी कमी होतात. दोन्हींमागे चांगलं कारण आहे, त्यामुळे मैत्रिणीच्या सर्जननी वेगळं केलं म्हणून आपल्या बाबतीत चुकलं असं समजू नका.

पहिल्या काही दिवसांतली वेदना आणि पोट आवळून बांधल्यासारखं वाटणं बहुतांशी याच शिवणीमुळे असतं. वरची रेघ त्या मानाने फार कमी दुखते.

न विरघळणारे टाके जन्मभर पोटात राहणार. त्यांचा त्रास होत नाही?

बहुतेकांना कधीच होत नाही. शरीर त्यांच्याभोवती पातळ आवरण तयार करतं आणि ते तिथेच राहतात. अंगावर चरबी फार कमी असेल तर क्वचित बेंबीच्या वर एखादी गाठ बोटाला बारीक खड्यासारखी लागते. टोचत असेल तर नंतर भूल देऊन ती काढता येते. हे धागे धातूचे नसतात, त्यामुळे एमआरआय करायला त्यांची अडचण येत नाही. तरीही तपासणीआधी झालेल्या शस्त्रक्रियेची माहिती द्यायचीच.

विरघळणारा टाका किती दिवसांत विरघळतो?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. धाग्याची दोन वेगवेगळी आयुष्यं असतात. एक, तो किती दिवस जोर धरून ठेवतो. दुसरं, तो शरीरातून पूर्ण नाहीसा कधी होतो. ताकद आधी जाते, धागा मागाहून. डॉक्टर "दोन-तीन महिन्यांत विरघळेल" म्हणतात तेव्हा ते दुसऱ्याबद्दल बोलत असतात.

व्हिक्रिल हा गुंफलेला धागा घ्या. दोन आठवड्यांनी त्याची सुमारे ७५ टक्के ताकद शिल्लक असते, तीन आठवड्यांनी सुमारे ५० टक्के, चार आठवड्यांनी २५. पूर्ण नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात. मोनोक्रिल हा गुळगुळीत, एकपदरी धागा. बिनरंगी मोनोक्रिलची ताकद एका आठवड्यात ५० ते ६० टक्क्यांवर येते, दुसऱ्या आठवड्याअखेर २० ते ३० टक्क्यांवर. पण तो शरीरातून जायला ९१ ते ११९ दिवस घेतो. पीडीएस सगळ्यात चिकाटीचा. त्याच्या जाड धाग्यात सहा आठवड्यांनीही साधारण ६० टक्के ताकद असते आणि पूर्ण जायला सहा ते आठ महिने लागतात.

आता हे जखमेच्या बाजूने बघा. शिवलेल्या कातडीत आठवड्याअखेर मूळ ताकदीच्या जेमतेम ३ टक्के ताकद येते. तीन आठवड्यांनी सुमारे २० टक्के. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि त्यापुढे ती फारशी वाढत नाही. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, "आता अगदी बरं वाटतंय" असं वाटायला लागतं तेव्हा, कातडी स्वतःच्या जोरावर उभी नसते. मोनोक्रिल तोपर्यंत थकलेला असतो. सगळा भार पीडीएस, व्हिक्रिल आणि आतल्या पापुद्र्याच्या शिवणीवर असतो. आमच्याकडे उघडलेली जखम घेऊन येणाऱ्यांमध्ये याच दिवसांत घरातलं जड काम हाती घेतलेल्या पुष्कळ असतात. ते बघून जीव तुटतो, कारण अजून काही आठवडे थांबलं असतं तर ते टळलं असतं.

हे धागे विरघळतात म्हणजे पाण्यात साखर विरघळते तसे का?

तसे नाहीत. आजचे बहुतेक विरघळणारे धागे कृत्रिम आहेत. ऊतीतलं पाणी त्यांच्या साखळ्या हळूहळू तोडतं आणि उरलेले बारीक तुकडे शरीर बाहेर टाकतं. पूर्वी कॅटगट सर्रास वापरत. त्याचा मांजराशी काही संबंध नाही. तो मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्याच्या थरापासून करतात. त्याला ऊतीतली प्रथिनं तोडणारी द्रव्यं (एन्झाइम) तोडतात, त्यामुळे सूज जास्त येते आणि तो किती दिवस टिकेल याचा भरवसा कमी.

चरबीत टाके कशाला? चरबी काय धरून ठेवणार?

चरबी काहीच धरून ठेवत नाही, हे खरं. पण चरबीच्या मध्यात एक तंतुमय पापुद्रा असतो, अस्तराच्या कापडासारखा. त्याला स्कार्पाचा पापुद्रा म्हणतात. अमेरिकी सर्जन टेड लॉकवूड यांनी १९९१ मध्ये अंगभर पसरलेल्या अशा पापुद्र्यांच्या जाळ्याबद्दल सविस्तर मांडलं आणि ताण कातडीने नव्हे, या जाळ्याने पेलावा असा आग्रह धरला. माझ्या मते पेशंटने एकच थर लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. हा नीट शिवला की वरच्या कातडीच्या दोन कडा न ओढता एकमेकींना टेकतात. ओढून जुळवलेली कातडी काही महिन्यांत रुंद, जाड व्रण देते. टेकलेली कातडी बारीक रेघ देते. शिवाय रेघेच्या वर आणि खाली चरबीची जाडी वेगळी असते. हा पापुद्रा बरोबर जुळला तर पायरीसारखा उंचवटा उरत नाही.

इथे बहुधा व्हिक्रिल किंवा पीडीएस वापरतात.

माझ्या सर्जननी ड्रेन लावलाच नाही, "आतून टाचलंय" म्हणाले. हे काय असतं?

कातडीचं पांघरूण वर उचललं की त्याच्या आणि स्नायूंच्या भिंतीच्या मध्ये मोठी मोकळी जागा तयार होते. त्या जागेत लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पातळ पाणी, साठते. तिला सीरोमा म्हणतात. टमी टकनंतरच्या नेहमीच्या अडचणींपैकी ही एक. ड्रेनची नळी ती लस बाहेर काढते. दुसरा उपाय म्हणजे मोकळी जागाच ठेवायची नाही. गोधडीचे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून त्यांना जागोजागी टाके घालतात, तसे कातडीखालच्या चरबीला स्नायूंवरच्या आवरणाशी टाके घालायचे.

ब्राझीलचे सर्जन रिकार्डो बारौदी यांनी १९९८ मध्ये या टाचण्याबद्दल लिहिलं. २००० मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या हार्लन आणि टॉड पोलॉक या सर्जननी त्यात एक महत्त्वाची भर घातली: प्रत्येक टाका घालताना कातडी थोडी थोडी खाली सरकवत न्यायची. नुसतं टाचल्याने जागा बंद होते. सरकवत टाचल्याने जागा बंद होतेच, शिवाय ओढ वाटली जाते, आणि खालच्या रेघेपर्यंत पोचेतो ताण फारसा उरत नाही. जिथे कातडी सगळ्यात जास्त ताणली जाते आणि जिथे रक्तपुरवठा सगळ्यात लांबून येतो, त्या खालच्या मध्यभागाला याचा मोठा आधार मिळतो.

काही सर्जन हे टाके घालूनही ड्रेन ठेवतात. त्यात विरोधाभास नाही. ड्रेन असेल तर तो साधारण २४ तासांत ३० मिलीलिटरपेक्षा कमी लस यायला लागली की काढतात. आकडा प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. टाचलेल्या ठिकाणी सुरुवातीला पोटावर बारीक खळगे दिसू शकतात. ते सहसा काही आठवड्यांत भरून येतात, त्यांना चोळत बसू नका.

वरच्या रेघेला टाके, स्टेपल की गोंद? कशाने व्रण चांगला येतो?

आधी चौथा थर. कातडीच्या जाड थरात सुटे, विरघळणारे टाके घालतात आणि त्यांची गाठ खालच्या बाजूला पुरतात. मग वरच्या कडेच्या लगेच खाली, आडवा, सापासारखा वळत जाणारा एकच धागा. तो कातडीच्या बाहेर येत नाही, त्यामुळे रेघेच्या दोन्ही बाजूंना शिडीच्या पायऱ्यांसारख्या खुणा उमटत नाहीत. टमी टकमध्ये शेवटची शिवण बहुतेकदा हीच.

गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. तो टाक्यांच्या जागी येत नाही, बंद झालेल्या रेघेवर झाकणासारखा बसतो. कधी त्याबरोबर जाळीची पट्टीही असते. ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुटत जाते. पट्टीखाली खाज, लाल पुरळ किंवा पाण्याचे फोड आले तर ती ॲलर्जी असू शकते. त्याच दिवशी कळवा.

स्टेपल म्हणजे धातूच्या पिना. त्यांनी वेळ वाचतो, पण ते जास्त दिवस राहिले तर ठिपके उमटतात, म्हणून इथे कमी वापरतात. काही वेळा शस्त्रक्रिया चालू असताना कडा कशा जुळतील हे बघायला तात्पुरते लावून काढून टाकतात.

व्रण चांगला येणं वरच्या वस्तूवर फार थोडं अवलंबून असतं. आतल्या थरांनी ताण घेतला असेल तर तिन्हींनी चांगला येतो.

काटेरी धागा म्हणजे काय?

धाग्यावर अगदी बारीक काटे कोरलेले असतात, सगळे एका दिशेने झुकलेले. धागा पुढे ओढता येतो, मागे सरकत नाही, म्हणून गाठ मारावी लागत नाही. काही धाग्यांवर मध्यापासून दोन्हीकडे विरुद्ध दिशांचे काटे असतात. ते मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे शिवत नेतात. स्नायूंच्या शिवणीत, पापुद्र्यात आणि कातडीखाली असा तिन्हीकडे तो वापरतात. वेळ वाचतो आणि ताण सारखा बसतो. मात्र तो कातडीच्या फार जवळ घातला तर टोक बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो.

बेंबीचे टाके वेगळे का दिसतात?

कारण बेंबी जागची हललेली नसते, तिच्याभोवतीची कातडी नवी असते. देठ स्नायूंच्या आवरणाशी आत ओढून बांधतात, म्हणजे बेंबीला खोली येते. मग तिची कड नव्या छिद्राला चहूबाजूंनी जोडतात. इथे बारीक नायलॉन असेल तर तो साधारण ७ ते १० दिवसांत काढतात. काही सर्जन सगळी गाठ आत राहील असे विरघळणारे टाके घालतात, मग काढायचं काही नसतं. बेंबीत ओल साठते, त्यामुळे ही जागा कोरडी ठेवायला जास्त जपावं लागतं. कड काळपट पडायला लागली तर वाट बघत बसू नका, दाखवा.

टाके काढताना दुखतं का?

बेंबीचे आणि ड्रेनचे टाके काढताना चिमटा काढल्यासारखं होतं, तेवढंच. बेंबीखालच्या भागाला तेव्हा बधिरपणाही असतो. कातडीखालचा धागा न विरघळणारा असेल तर एका टोकाला धरून तो सलग ओढून काढतात; सुळकन जातो.

बधिरपणावरून आठवलं: शेकायला गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवू नका. चटका बसलेला कळत नाही आणि कातडी भाजते.

२-०, ३-० असं धाग्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

शून्यं जितकी जास्त तितका धागा बारीक. २-० म्हणजे दोन शून्यं, साधारण ०.३ मिलीमीटर जाड. ३-० म्हणजे ०.२ मिलीमीटरच्या थोडा वर. ४-० त्याहून बारीक. स्नायूंच्या शिवणीला १, ० किंवा २-०, पापुद्र्याला बहुधा २-०, कातडीच्या जाड थराला ३-०, वरच्या कडेला ३-० किंवा ४-०, बेंबीला ४-० किंवा ५-०. पाकिटावर "प्लस" लिहिलेलं असेल तर त्या धाग्याला ट्रायक्लोसन या जंतुरोधक द्रव्याचा लेप असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जखमेतला संसर्ग कमी करण्यासाठी असे धागे वापरण्याची शिफारस केली आहे.

माझं सीझर झालंय. हे टाके तसेच असतात का?

रेघ साधारण त्याच भागात असली तरी दोन्हींत मोठा फरक आहे. सीझरमध्ये पोटाची पोकळी उघडतात, गर्भाशय शिवतात, स्नायूंवरचं आवरण कापून पुन्हा जोडतात. बाहेरचा छेद मात्र छोटा. टमी टकमध्ये पोकळी उघडत नाहीत, पण कातडीची रेघ कितीतरी लांब असते आणि ताण फार. म्हणून "सीझरनंतर मी पंधरा दिवसांत सगळं करत होते" हा हिशोब इथे लावू नका. सीझरचा जुना व्रण बहुतेक वेळा कापून टाकलेल्या कातडीबरोबर निघून जातो.

खोकला आला, शिंक आली, उलटी झाली. आतले टाके तुटले असतील का?

एखाद्या खोकल्याने नीट घातलेली शिवण तुटत नाही. ती हे सगळं धरून घातलेली असते. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरा, गुडघे वाकवा. अंथरुणातून उठताना सरळ उठू नका; कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथण्याचा जोर खोकल्याहून जास्त वेळ टिकतो. काहीतरी फाटल्याची स्पष्ट जाणीव झाली आणि लगेच एका बाजूला फुगवटा किंवा टणक सूज आली, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा. आत रक्तस्राव होत असू शकतो.

वाकून किती दिवस चालायचं?

साधारण एक ते दोन आठवडे. सरळ उभं राहिलं की खालच्या रेघेवर ओढ येते, म्हणून कमरेत थोडं वाकून चालायचं आणि झोपताना पाठीमागे उंची, गुडघ्यांखाली उशी. चालणं मात्र बंद करायचं नाही. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायला हवं. जड उचलणं आणि पोटाचे व्यायाम साधारण सहा ते आठ आठवडे नाही. पोटाला आवळून बांधायचा पट्टाही बहुधा सहा आठवडे वापरायचा. "जड" म्हणजे काय, असं विचारतात. अंगावर झेपावणारं लहान मूल जड आहे. ते ऐकून आयांचे डोळे भरून येतात, मला माहीत आहे. तुम्ही खाली बसा आणि मुलाला शेजारी घ्या, उचलू नका.

आंघोळ कधी करायची?

सर्जन सांगतील तेव्हा. बरेच जण एक-दोन दिवसांनी वाहत्या पाण्याखाली परवानगी देतात, काही जण ड्रेन निघेपर्यंत थांबवतात. रेघ चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. टबात बसणं, पोहणं पूर्ण भरून येईपर्यंत नाही.

दीड महिन्याने रेघेवर फोड आला आणि त्यातून धागा निघाला. टाके उसवले का?

नाही, आणि यासाठी घाबरू नका. शरीर एखादी गाठ विरघळवण्याऐवजी बाहेर ढकलतं. तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत हे केव्हाही होऊ शकतं. आधी बारीक पुटकुळी, मग थोडा पू, मग पांढरं, निळं किंवा जांभळं टोक. त्या वेळेपर्यंत त्या गाठीचं काम झालेलं असतं. स्वतः ओढू नका, कारण तो धागा पुढे लांबवर गेलेला असू शकतो आणि अर्धवट तुटलं तर जंतूंना आत जायला वाट मिळते. ड्रेसिंगला या. चिमट्याने टोक उचलून कातडीलगत कापलं की बहुतेकदा काही दिवसांत छिद्र बंद होतं. एकामागून एक अशा पाच-सहा जागा झाल्या, किंवा भोवताली लाली पसरत गेली, तर वेगळा विचार करावा लागतो.

रेघ मध्येच उघडली तर पुन्हा टाके घालतात का?

बहुतेकदा लगेच घालत नाहीत, आणि याचंच पेशंटला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. "उघडलंय तर शिवून टाका ना!" पण उघडलेल्या जागेत जंतू असतात, त्यांना आत कोंडून वर शिवण घातली तर पू साठतो. म्हणून छोटी फट असेल तर नेमाने ड्रेसिंग करत ती तळापासून भरून येऊ देतात. वेळ लागतो, कधी काही आठवडे. व्रण रुंद झाला तर पुढे काही महिन्यांनी तो काढून नीट शिवता येतो. फट मोठी असेल, ताजी आणि स्वच्छ असेल, तर सर्जन वेगळा निर्णय घेऊ शकतात.

उघडण्याची नेहमीची जागा म्हणजे रेघेचा मध्य. तिथे रक्त सगळ्यात लांबून येतं आणि ओढ सगळ्यात जास्त असते. खूप वजन उतरलेल्यांमध्ये कधी आडव्या रेघेबरोबर उभी रेघही असते. त्या दोन रेघा मिळतात तो कोपरा तर फारच नाजूक.

सिगारेट आणि टाक्यांचा काय संबंध?

निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पांघरुणासारखी उचललेली कातडी आधीच थोड्या रक्तावर जगत असते; त्यात हे झालं तर कडा काळ्या पडतात, आणि मेलेल्या कडेला कुठलाच टाका धरत नाही. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे पूर्ण बंद. तंबाखू, मिश्री, निकोटीनची पट्टी, वाफेची सिगारेट, सगळं यात आलं. लपवू नका. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही.

व्रण किती दिवसांनी फिका पडतो?

पहिले तीन महिने तो लाल आणि टणक होत जातो. म्हणजे आधी बिघडल्यासारखा वाटतो, मग सुधारतो. पूर्ण स्थिरावायला वर्ष ते दीड वर्ष. खपल्या पडून रेघ पूर्ण बंद झाली की सिलिकॉनची पट्टी दिवसाचे १२ तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने लावा. ऊन लागू देऊ नका. याआधी कुठल्या जखमेवर जाड, वाढत जाणारा व्रण आला असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच सांगा. रेघेच्या टोकांना कातडीची छोटी चोच राहिली असेल तर काही महिने थांबा. पुष्कळदा ती बसते, नाही बसली तर छोटीशी शस्त्रक्रिया पुरते.

नंतर दिवस गेले तर टाके तुटतील?

बाळाला टाक्यांचा धोका नाही. पण वाढत्या गर्भाने स्नायूंची शिवण पुन्हा सैल होऊ शकते. म्हणूनच मुलं झाल्यावर टमी टक करा असा सल्ला देतात.

शस्त्रक्रियेआधी सर्जनना टाक्यांबद्दल काय विचारू?

स्नायूंसाठी कायमचा धागा घालणार की विरघळणारा? आतून टाचणार का, ड्रेन किती दिवस? माझ्या अंगावरून बाहेर काढायचे टाके कुठे असतील आणि कधी काढायचे? जखम उघडली तर रात्री कुणाला फोन करायचा? हे चार प्रश्न पुरेत. उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या माणसाकडे द्या, कारण पहिले दोन-तीन दिवस औषधांच्या गुंगीत तुम्हाला काही आठवणार नाही.

कधी अजिबात थांबायचं नाही?

ताप आणि थंडी, रेघेभोवती पसरत जाणारी लाली, घाण वासाचा पू, ड्रेनमध्ये अचानक भरभरून लाल रक्त, पोटावर हात ठेवला तर पाण्याच्या पिशवीसारखं हलणं, कातडीचा काळा पडत जाणारा पट्टा: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर तो टाक्यांचा प्रश्न नाही. रक्ताची गाठ असू शकते. तेव्हा ड्रेसिंगच्या वेळेची वाट न बघता, दिवस असो की रात्र, थेट आपत्कालीन विभागात जा.